लाल डोळ्याला थेंब देण्याआधी: गोव्यातील फार्मसीचालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागाहून. डोळा लाल झाला म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड असलेले थेंब देऊ नका. अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असलेली ती छोटी बाटली तुमच्या हाताशी असते, स्वस्त असते, आणि गिऱ्हाईक बहुतेकदा तिचे नाव घेऊनच येते. ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, मोडते हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. फार्मसीची परीक्षा तुम्ही दिली आहे, मी नव्हे. तेव्हा कायदा शिकवायला हे पत्र लिहीत नाही. कायदा ठाऊक असूनही बाटली काउंटरवरून जाते, कारण तिचा गुण लगेच दिसतो. सकाळी थेंब घातले की दुसऱ्या दिवशी लाली उतरलेली, ठणका कमी, गिऱ्हाईक खूश. ती लाली हर्पीस विषाणूमुळे आलेली असेल, तर ती उतरते तेव्हा आत नेमके काय चाललेले असते, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी थेट विषाणूच्या प्रथिनांपर्यंत जावे लागेल. थोडे जड जाईल, पण तुम्ही फार्माकॉलॉजी शिकलेली माणसे आहात, तुमच्यापुढे पाणी घालून बोलायचे कारण नाही.

मी फोंड्यात डोळ्यांचा दवाखाना चालवते. उसगाव, धारबांदोडा, शिरोडा, सावर्डे या बाजूचे रुग्ण येतात. येताना पुष्कळजण पिशवीतून अर्धी संपलेली बाटली काढून दाखवतात. "पहिल्यांदा बरे वाटले, मग परत सुरू झाले," हे वाक्य ठरलेले. फ्लुओरेसीन या रंगाची नारिंगी पट्टी ओली करून मी पापणीच्या आत टेकवते आणि स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, निळा प्रकाश लावते. हर्पीस नुकताच झालेला असेल आणि कोणी काही घातलेले नसेल, तर बुबुळावर हिरवी चमकणारी बारीक रेघ दिसते. तिला फाटे फुटलेले असतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला टाचणीच्या माथ्याएवढाही नसलेला एक फुगीर ठिपका असतो. एकदा पाहिले की विसरता येत नाही. रंग घालण्याआधीच कापसाचा बारीक पीळ करून त्याचे टोक बुबुळाला लावून पाहिलेले असते. निरोगी डोळा क्षणात मिटतो. हा उशिरा मिटतो, कधी मिटतच नाही, कारण तिथले मज्जातंतू बधिर होत चाललेले असतात.

आठवडाभर स्टिरॉइड घालून आलेल्या डोळ्यात ती रेघ उरलेली नसते. फाटे एकमेकांत मिसळून वेड्यावाकड्या कडांचा रुंद व्रण झालेला असतो. डोळा मात्र बाहेरून तुलनेने पांढरा. व्रण मोठा आणि लाली कमी, हे जे उलटे गणित आहे, ते समजून घ्यायला हवे.

हर्पीस सिम्प्लेक्सचा पहिल्या प्रकारचा विषाणू बहुधा लहानपणीच अंगात शिरतो, घरातल्याच कुणाच्या तरी लाळेतून, पाप्यांतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी माणसांत तो आहे, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांत. तुमच्या काउंटरपुढच्या कितीतरी जणांत तो असणार, आणि काउंटरमागेही. तापानंतर ओठांच्या कडेला फोडांचा झुपका येतो तो याचाच. (हर्पीस म्हटल्यावर लोकांच्या मनात भलतेच येते. चार माणसांसमोर "हर्पीसला ना हे?" असे मोठ्याने विचारू नका. विचारलेला माणूस औषध न घेता निघून जातो.)

पहिल्या भेटीनंतर हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत, कवटीच्या तळाशी, निपचित पडून राहतो. तिथे तो जवळजवळ एकही प्रथिन बनवत नाही, त्यामुळे शरीराला पकडायला फारसे काही सापडत नाही. मग कधीतरी ताप आला, डोळ्याचे ऑपरेशन झाले, प्रतिकारशक्ती खालावली, की तो जागा होतो. कित्येकदा तर कसलेही निमित्त सापडत नाही. गाठीतून निघणाऱ्या तंतूंवरून तो कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, उतरतो. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, रक्तवाहिन्या नसलेला, आणि शरीरात सर्वांत दाट मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक. विषाणूला उतरायला वाटा भरपूर. ही वाट चालायलाही त्याला स्वतःची प्रथिने लागतात. जीई, जीआय आणि यूएस९ नसतील तर गाठीतून बाहेरचा प्रवास अडतो.

पेशीत शिरणे हे एका प्रथिनाचे काम नव्हे. विषाणूच्या वेष्टणावर ग्लायकोप्रोटीनांची, म्हणजे साखर जोडलेल्या प्रथिनांची, फळी असते. त्यांतली जीबी आणि जीसी पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेटला चिकटतात. ही नुसती पकड झाली. मग जीडी हे प्रथिन नेक्टिन-१ किंवा एचव्हीईएम या पेशीवरच्या रिसेप्टरला जोडले जाते आणि त्या जोडणीने पुढची हालचाल सुरू होते: जीएच-जीएल जोडीच्या साहाय्याने जीबी विषाणूचे वेष्टण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळून टाकते. जीडी अडवले तर सगळेच थांबेल, या आशेने त्यावर आधारलेली लसही करून पाहिली गेली. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसपासून तिने संरक्षण दिले नाही, हे २०१२ मध्ये जाहीर झाले. लस अजून नाही.

आत शिरणारा विषाणू तयारीनिशी आलेला असतो. त्याच्यासोबत व्हीपी१६ येते, जे पेशीचीच प्रथिने हाताशी धरून विषाणूची पहिली जनुके चालू करते. व्हीएचएस येते, जे पेशीचे संदेशवाहक आरएनए तोडत सुटते, म्हणजे पेशीला शेजारच्या पेशींना सावध करणारे पदार्थ बनवणेच कठीण होते. थोड्या वेळात आयसीपी० तयार होते. केंद्रकात विषाणूचा डीएनए दाबून टाकणारी पेशीची जी प्रथिने असतात, त्यांच्यावर हे नष्ट करण्याचा शिक्का मारते आणि पेशीची कचरा-यंत्रणा ती प्रथिने खाऊन टाकते. विषाणू शिरल्याचे कळल्यावर पेशी एक टोकाचा उपाय करते: सगळेच प्रथिन-उत्पादन बंद. स्वतः मेली तरी चालेल, पण विषाणू वाढता कामा नये. आयसीपी३४.५ हा हुकूम फिरवते आणि कारखाना पुन्हा चालू करते.

माझ्या मते सगळ्यांत धूर्त आहे ते आयसीपी४७. चवथीला आपण माटोळीला परसात, डोंगरावर जे जे पिकले ते टांगतो, तशी प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर सतत टांगत असते. गस्तीवरच्या टी पेशी ते पाहत जातात. परका तुकडा दिसला की ती पेशी मारतात. तुकडे आतून वर पोचवण्यासाठी टॅप नावाचा एक मार्ग आहे. आयसीपी४७ त्याच मार्गात अडकून बसते. तुकडे वर पोचतच नाहीत, आणि विषाणूने भरलेली पेशी गस्तीला नेहमीसारखी वाटते. याशिवाय जीई-जीआय ही जोडी प्रतिपिंडाला शेपटाकडून पकडून निकामी करते, आणि जीसी कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतल्या सी३बी या घटकाला अडकवून ठेवते. एवढ्याशा विषाणूत सुमारे ऐंशी जनुके, आणि त्यांतली कितीतरी फक्त आपल्या प्रतिकाराला चकवण्यात गुंतलेली.

एवढे असूनही निरोगी माणसात विषाणू शेवटी हरतो. फाट्यांचा तो व्रण अनेकदा आपोआपसुद्धा भरून येतो. कारण यातली प्रत्येक चाल अपुरी पडते. शेजारच्या पेशींना सावध करणारे थोडे इंटरफेरॉन निसटतेच, थोडे तुकडे वर पोचतातच, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी टी पेशींची वाट न पाहता कामाला लागतात. डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही, तो या झटापटीमुळे. आणि नेमक्या या वेळी आपण स्टिरॉइड घालतो. रक्तवाहिन्या आकसतात, पांढऱ्या पेशी यायच्या थांबतात, इंटरफेरॉनचा संदेश दबतो. वर सांगितलेल्या प्रथिनांपैकी एकावरही स्टिरॉइडचा काही परिणाम होत नाही, बाटलीतल्या अँटिबायोटिकचाही नाही. म्हणजे अर्धी बाटली विषाणूला लागू नाही, आणि उरलेली अर्धी त्याच्याच बाजूने लढते. विषाणूला स्वतःच्या प्रथिनांनी जे निम्मेच साधले होते, ते आपण त्याला थेंब-थेंब पुरे करून देतो. दुसऱ्या दिवशीचा पांढरा डोळा म्हणजे हेच.

आता तुमच्यापैकी जाणकार विचारतील, की मग तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर स्वतः हर्पीसवर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कसे लिहिता? प्रश्न रास्त आहे. हर्पीस वरच्या थरात असतो तेव्हा नुकसान विषाणू करतो. तो खालच्या जाड थरात, स्ट्रोमात, उतरला की चित्र पालटते. तिथे विषाणूचा अंश थोडाच असतो, पण त्याच्या प्रथिनांवर टी पेशी तुटून पडतात, त्यांच्यामागून न्यूट्रोफिल येतात, एरवी नसणाऱ्या रक्तवाहिन्या वाढू लागतात, आणि पारदर्शक रचना विस्कटून पांढरा डाग उरतो. डोळ्यात फूल पडले असे आपल्याकडे म्हणतात, त्याचे एक कारण हे. या अवस्थेत विषाणूरोधक औषधाच्या आडोशाने दिलेले स्टिरॉइड दाह आटोक्यात आणते आणि लवकर शमवते. अमेरिकेतल्या हर्पेटिक आय डिसीज स्टडी या पाहणीने हे १९९४ मध्ये नीट दाखवून दिले. मात्र ते हळूहळू, महिनोन्‌महिने उतरवत न्यावे लागते. एकच औषध अर्ध्या मिलिमीटरच्या आत एका थरात तारते आणि दुसऱ्या थरात मारते. कोणता थर, हे स्लिट लॅम्पशिवाय मलाही सांगता येत नाही. काउंटरवरून ते दिसणे शक्यच नाही.

या विषाणूचे एक प्रथिन मात्र आपल्या कामी आले आहे: थायमिडिन कायनेज. अ‍ॅसायक्लोविर निरोगी पेशीत जवळपास निष्क्रिय असते. विषाणूचे थायमिडिन कायनेज त्याला पहिला फॉस्फेट लावते, पुढचे दोन पेशीची एन्झाइमे लावतात, आणि तयार झालेले रूप विषाणूच्या डीएनएच्या नकला काढणाऱ्या डीएनए पॉलिमरेजला जाम करते. विषाणू स्वतःच्या हाताने स्वतःचे विष तयार करतो, तेही फक्त बाधित पेशीत. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल विभागून मिळाले, आणि माझ्या मते नोबेल देणारे स्वस्तात सुटले.

इथे तुमच्याशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली नळीची. डोळ्याचे अ‍ॅसायक्लोविर मलम ३ टक्क्यांचे, ओठांवर आणि कातडीला लावायचे क्रीम ५ टक्क्यांचे. दोन्ही नळ्या छोट्या, नाव एकच. मलम शिल्लक नाही म्हणून क्रीम दिल्याचे मी पाहिले आहे. "टक्के जास्त आहेत, लवकर गुण येईल" असे वर सांगितलेले. ते क्रीम डोळ्यात घालायचे नाही, त्याने डोळा चरचरून निघतो. ३ टक्क्यांचे मलम दिवसातून पाच वेळा, व्रण भरेपर्यंत आणि भरल्यावर निदान तीन दिवस लावायचे असते. गॅनसायक्लोविरची ०.१५ टक्क्यांची जेलही चालते. यांतले काहीतरी एक तरी दुकानात ठेवा. मलमाच्या शोधात वाळपईहून म्हापशाला किंवा धारबांदोड्याहून फोंड्याला खेप घालायची म्हणजे एक दिवस फुकट जातो, आणि त्या दिवशी पाचही वेळा चुकतात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. अ‍ॅसायक्लोविर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वर्षभर, अशी चिठ्ठी पाहून तुम्ही बिचकता. फोन करून विचारलेत तर आनंदच आहे. पण "इतक्या गोळ्या कशाला, बरा झाला की सोडा" असे रुग्णाला सांगू नका. त्याच अमेरिकी पाहणीत, १९९८ मध्ये, वर्षभर गोळ्या घेणाऱ्यांत डोळ्याचा हर्पीस उलटण्याचे प्रमाण १९ टक्के निघाले, न घेणाऱ्यांत ३२ टक्के. ज्यांना आधी स्ट्रोमाचा आजार झालेला त्यांच्यात तो आजार पुन्हा येण्याचे प्रमाण २८ वरून १४ वर आले. गाठीतल्या निद्रिस्त विषाणूला गोळी हात लावू शकत नाही, कारण तिथे थायमिडिन कायनेज बनतच नाही. तो जागा झाल्या झाल्या गाठावा, म्हणून ती रोज अंगात असावी लागते. गोळ्या थांबवल्या की ते संरक्षणही थांबते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याचा डोस वेगळा, हे तुम्ही जाणताच.

मग काउंटरवर करायचे काय? "दोळो तांबडो जाला, कितें तरी वखद दी," म्हणत कुणी आला की दोन-तीन गोष्टी विचारा, मिनिटही जात नाही. एकच डोळा की दोन्ही? साथीचे डोळे येतात ते एका डोळ्यात सुरू होऊन बहुधा दुसऱ्यात जातात, पाणी किंवा चिकट पू येतो, पण नजर बहुधा स्वच्छ राहते. एकाच डोळ्यात, उजेड सोसत नाही, धूसर दिसते, याच डोळ्याला पूर्वीही असे झाले होते, यांपैकी काहीही "हो" आले तर थेंब न देता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. पैशांची अडचण असेल तर बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ आहे. तोवर काही द्यायचेच असेल तर साधे कृत्रिम अश्रू द्या, त्याने नुकसान नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा असेल तर विचारण्यात वेळ घालवू नका, लेन्स काढायला सांगून पाठवाच.

भाताच्या कापणीच्या दिवसांत आणखी एक जपावे लागते. डोळ्यात कुसळ गेले, पान लागले, काजूच्या बागायतीत फांदी घासली, असे सांगणाऱ्याला बुरशीचा व्रण असू शकतो, आणि तिथे स्टिरॉइड हर्पीसइतकेच घातक. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली असेल तर तो दुसरा विषाणू, पण डोळ्याला धोका तोच. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोविरच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात, आणि त्यांचा डोस मोठा असतो: ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. लेप लावून घ्यायला जाणारा जाऊ दे, फक्त आधी डॉक्टरकडे जाऊ दे.

आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. लाल डोळा दिसला की बॅटरीही न मारता हीच जोडगोळी लिहिणारे डॉक्टर आहेत. किती दिवस घालायचे ते न लिहिलेली चिठ्ठी मी रोज पाहते. तीच चिठ्ठी मग वर्षभर वापरली जाते, आधी आईला, मग मुलाला, मग शेजारणीला. अशी मुदत नसलेली, जुनी, सुरकुतलेली चिठ्ठी समोर आली तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ती कुणाची आहे याची भीड बाळगू नका. माझी असली तरी.

आता नेहमीचा आक्षेप. मी नाही दिले तर पुढच्या नाक्यावरचा देणार, गिऱ्हाईक माझे जाणार. काही प्रमाणात खरे आहे. पण फोंड्यात असे दुकानदार मला ठाऊक आहेत जे वर्षानुवर्षे नाही म्हणत आले आहेत. त्यांची दुकाने बंद पडलेली नाहीत. त्यांनी पाठवलेला रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा हिरवी रेघ अजून बारीक असते, मलमाने दोनेक आठवड्यांत भरते, आणि मलम घ्यायला तो त्यांच्याकडेच परत जातो. तुमच्या तालुक्यातल्या संघटनेच्या बैठकीत हा विषय घ्या आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. एकट्यादुकट्याने नाही म्हणणे अवघड जाते. बैठकीला बोलावलेत तर बुबुळांची छायाचित्रे घेऊन मी येईन. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो, तुमचीही दुकाने तेव्हा बंदच असतात.

आपली,
फोंड्यातील एक नेत्रतज्ज्ञ